ओटीटीवर मुलांसाठी कुलूप लावताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी टीव्ही एक आणि बघणारे सहा, म्हणून नेटफ्लिक्सवर पुतण्यासाठी मुलांचे वेगळे प्रोफाइल उघडून आम्ही निश्चिंत झालो होतो. नऊ वर्षांचा हा मुलगा रिमोटची दोन बटणे दाबून आजीच्या प्रोफाइलमध्ये शिरतो, हे पुढे पंधरा दिवस कुणाच्याही लक्षात आले नाही. मुलांचे प्रोफाइल उघडणे म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी खोली करणे होय. बाकीच्या खोल्यांची दारे त्याने बंद होत नाहीत. म्हणून चार आकडी पिन मोठ्यांच्या प्रोफाइलना लावावा, तोही एकट्या आपल्या नव्हे, तर प्रत्येकाच्या. नवे प्रोफाइल उघडतानाही पिन मागितला जावा, ही सोय सुरू करायला पुष्कळजण विसरतात आणि मुले नेमकी तीच वाट शोधतात.

दुसरी चूक पिनची. जन्मवर्ष, १२३४ किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे मुलांना पाठच असतात, शिवाय टीव्हीच्या पडद्यावर एकेक आकडा निवडताना शेजारी बसलेले मूल तो सहज टिपते. त्याहून मोठी गफलत म्हणजे पिन बदलण्यासाठी जो पासवर्ड किंवा पडताळणीचा कोड लागतो, तो ज्या मोबाइलवर येतो तोच मोबाइल खेळायला मुलाच्या हाती देणे.

भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यू (सर्वांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए (प्रौढांसाठी) असे कार्यक्रमांचे वयानुसार वर्ग ठरले असून १३+ व त्यावरील कार्यक्रमांसाठी कुलपाची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. सोय देणे कंपनीचे काम असले, तरी ती सुरू आपल्यालाच करावी लागते. वर्ग योग्य असूनही एखादा चित्रपट आपल्या मुलाला भीतिदायक वाटत असेल, तर नेटफ्लिक्सवर त्या प्रोफाइलपुरता तो नावाने बंद करता येतो.

मोबाइलवर केलेला बदल टीव्हीवर दिसत नसेल, तर टीव्हीवरील अ‍ॅपमधून बाहेर पडून पुन्हा साइन इन करावे. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. प्राइम व्हिडिओचे बंधन फायर टीव्हीवर हवे असेल, तर ते त्या टीव्हीच्याच सेटिंगमध्ये वेगळे घालावे लागते. मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारा यूट्यूबचा प्रतिबंधित मोडही ज्या उपकरणावर किंवा ब्राउझरमध्ये सुरू केला, तेवढ्यापुरताच चालतो. मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट केले, की मोबाइलवर उघडे असलेले प्रोफाइल लागू होते, हे सुटीत पाहुणे आले की हमखास विसरले जाते.

उरला प्रश्न आजीचा. तिला पिन लक्षात राहीना, आणि कागदावर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवण्याची तिची सूचना मान्य करण्यासारखी नव्हती. अखेर तिच्या प्रोफाइलचा पिन काढून त्याचीच वयोमर्यादा ७+ वर आणली, कारण तिला पाहायच्या असलेल्या बहुतेक गोष्टी तेवढ्यात बसतात. एक मालिका मात्र बसेना. ती आता रात्रीची जेवणे आटोपून पुतण्या झोपला, की माझ्या प्रोफाइलवर लागते आणि पिन मी दाबतो.