भरीत पार्टीतून धान्य जमवायचंय? मग कुपनं आधी विका

थंडीत आपल्या जळगाव-भुसावळकडे भरीत पार्ट्या सुरू झाल्या की त्यातलीच एक गल्लीतल्या गरजू घरांच्या धान्यासाठी करा, पण एक गोष्ट नक्की पाळा, कुपनं आठ दिवस आधी विकायची. दारात डबा ठेवला की लोक पोटभर जेवतात आणि सुट्टे टाकून जातात, आमचं पहिल्या वर्षी हेच झालं, वांग्यांचाच खर्च कसाबसा निघाला. आधी पैसे आले की किती ताटं ते कळतं, वांगी मोजून आणता येतात, नि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी वाया जात नाहीत. बामणोदची वांगी, ती भाजायला कापसाच्या काड्या, तेल हे शेतकरी नि दुकानदारांकडे वस्तूच मागा, पैसे मागितले तर हात आखडतो पण वांग्याचं पोतं माणूस हसत देतो. कुणाला आयकरात सूट मिळवायला ८०जी ची पावती हवी असेल तर नोंदणी असलेल्या संस्थेतूनच घ्या, आणि त्या सुटीसाठी २००० रुपयांच्या वर रोख चालत नाही, ऑनलाइन घ्या.

आणि जमलेलं सगळं लगेच वाटून टाकू नका हो, निम्मं तरी पावसाळ्यासाठी ठेवा, मजुरी बंद पडते तेव्हा डबे खरे रिकामे होतात.