मलय भाषकांना इंग्रजी उच्चार शिकवताना शब्दाच्या शेवटापासून सुरुवात करा

मलेशियात इंग्रजी शिकवायला घेतलं की बरेच जण आधी 'थ्री'च्या मागे लागतात. मलय माणूस 'त्री' म्हणतो, पण त्याने कुणाचं फारसं अडत नाही. 'आस्क्ड'चं नुसतं 'आस' झालं की मात्र भूतकाळच गायब होतो. म्हणून आधी शब्दाचा शेवट धरा.

१. मलयमध्ये 'अनाक' म्हणजे मूल. लिहिताना शेवटी 'क' असतो, पण बोलताना घशातच हवा अडवून शब्द तोडतात. तीच सवय 'बुक', 'बॅक'मध्ये येते. तोंडासमोर तळहात धरायला सांगा. 'क' संपताना हाताला हवा लागली पाहिजे. हा जोर सरावापुरताच हं, रोजच्या बोलण्यात तो कमीच असतो.

२. 'कारण' या अर्थाचा मलय शब्द 'सबाब' (आपल्या 'सबब'चा अरबी भाऊ) उच्चारताना 'सबाप' होतो. 'बॅग'चं 'बॅक' होतं ते याच वळणाने. इथे शेवटच्या 'ग'वर जोर देऊन उपयोग नाही, आधीचा स्वर लांबवायला सांगा: 'बॅऽग', पण 'बॅक' आखूड. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो मुख्यतः या लांबीवरून.

३. जोडव्यंजनं शेवटी आली की मलय जीभ एक तर मध्ये स्वर घालते, 'फिल्म'चं 'फिलम' करते, नाहीतर 'टेस्ट'चा 'ट' गाळते. उपाय सोपा आहे: पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा. 'टेस्ट इट' हे 'टेस–टिट' असं तोडून म्हणायला लावा. जमलं की 'इट' मनातल्या मनात म्हणायचं, 'ट' तेवढा तोंडात राहू द्यायचा.

४. 'व्ह'चा 'फ' होत असेल तर गळ्यावर बोट ठेवायला सांगा. ओठ-दात तिथेच, फक्त गळा थरथरला पाहिजे.

५. आता 'थ्री'. मराठी शिक्षकाने इथे जपून राहावं, कारण आपला 'थ' हवा आधी अडवतो आणि मग सोडतो. इंग्रजी ध्वनीत ती अडतच नाही. आरशात जिभेचं टोक दातांमध्ये दिसलं पाहिजे, आणि 'स'सारखा तो श्वासभर लांबवता आला पाहिजे. मलय 'त' लांबवताच येत नाही, त्यामुळे चूक शिकणाऱ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते.

सराव सुट्या शब्दांवर थांबवू नका. काल काय काय केलं ते फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि ऐकताना फक्त क्रियापदांचे शेवट तपासा.