यंत्र घेऊन कंपनीच्या दारात जाण्याआधी

आधी स्वतःशी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय. यंत्र कुणाकडून तरी बनवून घेऊन स्वतः विकायचं असेल, तर ते जॉबवर्क झालं. मालाचा पैसा, पडून राहिलेला साठा, डीलरची उधारी, सगळं तुमच्या डोक्यावर. कंपनीने तिच्या पैशाने बनवावं, तिनेच विकावं आणि तुम्हाला नगामागे रॉयल्टी द्यावी असं हवं असेल, तर तो परवाना. कारखानदारासमोर बसून ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला चहा मिळतो, दुसरी भेट मिळत नाही. पुढची यादी परवान्यासाठी आहे आणि शेतीचं एखादं छोटं यंत्र डोळ्यांसमोर धरून केली आहे. समजा, सांगली भागात काढलेल्या हळदीतले जेठे गड्डे (मधले मोठे कंद) आणि हळकुंडं वेगळी करणारं.

पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तोंड बंद ठेवा. शिवारात यंत्र चालवून यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ, गावच्या ग्रुपवर फिरलेला फोटो, तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मांडलेला नमुना, यांतलं काहीही अर्जाच्या आधी झालं की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं असं धरून चाला. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात ‘किसान’ हे कृषी प्रदर्शन भरतं तिथे यंत्र न्यायचं असेल, तर अर्ज नोव्हेंबरात गेलेला बरा. आणि आराखडा पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, हा सल्ला अजूनही फिरतो. त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे अर्जाची तारीख चालते, पोस्टाचा शिक्का नाही.

अर्ज तात्पुरत्या तपशिलासह (यंत्राच्या लेखी वर्णनासह) करता येतो आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपयांपासून सुरू होते. खरा खर्च पेटंट एजंटचा. तात्पुरता म्हणून दोन परिच्छेद खरडू नका. त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या कार्यालयाकडे जातात, पण हेलपाटे घालायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं. अर्जाआधी पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधप्रणालीवर आणि परदेशी पेटंटांच्या संकेतस्थळांवर दोन-तीन संध्याकाळी घालवा. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ एजंटकडून समजून घ्या. शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही, यंत्राला मिळू शकतं. आधीपासून ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी जोडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर मिळत नाही.

कागदाची पुढची अडचण घरातलीच असते. मेहुण्याने पैसे घातले म्हणून अर्जात त्याचं नाव टाकलं, की तो सहमालक झाला. कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतःपुरतं यंत्र बनवून विकू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना कुणालाच देता येत नाही. म्हणजे कंपनी सहीला तयार आणि मेहुणा रुसलेला, असं होऊ शकतं. पैशाचा हिशेब वेगळ्या करारात ठेवा. रोलरमधलं अंतर कमी-जास्त करायची खरी युक्ती लेथवरच्या मिस्त्रीची असेल, तर शोधकर्ता म्हणून त्याचं नाव घाला आणि त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घ्या, योग्य मोबदला देऊन. नोकरीत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा, कॉलेजात असाल तर संस्थेचं धोरण. कंपनीचा वकील पहिल्या बैठकीत हेच विचारतो.

मग यंत्र. कंपनीला कल्पना विकत घ्यायची नसते. तिला स्वतःची दोन वर्षांची धडपड वाचवायची असते. म्हणून एकच देखणा नमुना पॉलिश करत बसण्यापेक्षा तीन साधे नमुने तीन वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडे एक हंगाम चालवा (अर्थात अर्ज गेल्यावर) आणि वही ठेवा. किती तास चाललं, तासाला किती क्विंटल, किती हळकुंडं मोडली, बेअरिंग कधी गेलं, बाई-गड्यांना ते किती वेळात चालवता आलं. बिघाडाची नोंद लपवू नका. जे यंत्र कधीच बिघडलं नाही असं सांगितलं जातं, त्यावर कुठलाही कारखानदार विश्वास ठेवत नाही. मापांचे आराखडे टॉलरन्ससह (मापात किती फरक चालेल ते लिहून) कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, करून घ्या, सुट्या भागांची यादी करा आणि कोणता भाग बाजारात तयार मिळतो, कोणता लेझर कटिंगचा, कोणता ओतकामाचा, ते प्रत्येकापुढे लिहा. यंत्र सरकारी अनुदानात बसवायचं असेल तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र जुनं आणि नावाजलेलं आहे. कृषी विद्यापीठांकडेही चौकशी करा. अनुदान नसेल तर बरेच डीलर यंत्राकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून हा अहवाल पेटंटइतकाच वजनदार ठरतो.

किमतीचं गणित उलट्या दिशेने मांडा. शेतकरी किती देईल? समजा ६०,००० रुपये. त्यातून जीएसटी, डीलरचं कमिशन, वाहतूक आणि हमीकाळातली दुरुस्ती वजा केली आणि कारखान्याच्या दारात ४२,००० उरले. त्यात माल, मजुरी आणि कारखान्याचा नफा बसतो का? बसत नसेल तर आधी यंत्र स्वस्त करा, कंपनी नंतर. बसत असेल तर ४ टक्के रॉयल्टी म्हणजे नगामागे १,६८० रुपये, वर्षाला २०० यंत्रं गेली तर ३,३६,००० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण स्वतःचे आकडे याच पद्धतीने मांडलेत की ‘मला एक कोटी हवेत’ हे वाक्य आपोआप गळून पडेल. रॉयल्टी किती, हे कायदा ठरवून देत नाही. नाटको आणि बायर या औषध कंपन्यांच्या २०१२ मधल्या सक्तीच्या परवान्यात (पेटंटधारकाची संमती नसताना सरकारने दिलेल्या) ती ६ टक्के ठरली आणि अपिलात ७ टक्के झाली, पण ते कर्करोगावरच्या औषधाचं प्रकरण होतं. त्याचा दाखला हळदीच्या यंत्राला देऊ नका.

आता कंपन्या. इथे बहुतेक जण सगळ्यात मोठ्या नावाला ईमेल करतात आणि वाट पाहत बसतात. मोठ्या कंपनीकडे स्वतःचा संशोधन विभाग असतो, आणि बाहेरची कल्पना नाकारणं तिथल्या कुणालाच महागात पडत नाही. तुम्हाला हवा दुसऱ्या फळीतला कारखाना: ज्याची डीलरसाखळी तुमच्याच पिकाच्या पट्ट्यात आहे, जो आधीच मळणी यंत्र किंवा नांगर-रोटाव्हेटर विकतो आणि ज्याचं काम ठरावीक महिन्यांत ओसरतं. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावात ओतकाम उत्तम होतं, पण फाउंड्री भाग बनवते, यंत्र विकत नाही. परवाना तिला देऊन उपयोग नाही. ती तुमच्या परवानाधारकाची पुरवठादार व्हायला हवी. परवाना विकणाऱ्याला द्यायचा, बनवणाऱ्याला नव्हे. जिथे दोन्ही एका छताखाली असतील तिथे सोन्याहून पिवळं.

असे कारखाने शोधायची उत्तम जागा म्हणजे अवजारांच्या डीलरचं दुकान. सांगली, वसमत, हिंगोली अशा हळदीच्या गावांतल्या चार-पाच डीलरांना एवढंच विचारा: कुणाचे सुटे भाग वेळेवर येतात, आणि कोण बिघाडाला माणूस पाठवतो? जी दोन नावं पुन्हा पुन्हा येतील, तीच तुमची यादी. मग किसान प्रदर्शनात यंत्र न नेता नुसतं फिरा. विक्रीच्या मुलांशी बोला आणि मालक स्टॉलवर कधी असतो ते विचारा. ‘स्मॅक’, ‘गोशिमा’ या कोल्हापूरच्या उद्योजक संघटना किंवा पुण्याचं मराठा चेंबर यांच्याकडून ओळख मिळाली तर फोन उचलला जातो. हे स्वतःला जमणारं नसेल तर सरकारी वाटा आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ पासून तंत्रज्ञानाचे परवाने लावून देतं, आणि गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान गावपातळीवरच्या संशोधकांसाठीच आहे. ‘आम्ही कंपनी शोधून देतो, आधी पन्नास हजार भरा’ म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडा. ज्याला तुमच्या यंत्रावर खरंच विश्वास आहे, तो रॉयल्टीतला हिस्सा मागेल.

पहिल्या भेटीला एक पान न्या. अडचण काय, मजुरी किती वाचते, अपेक्षित किंमत, चाचणीचे आकडे, अर्ज क्रमांक. यंत्र आतून कसं चालतं हे त्या पानावर नको. ते गोपनीयतेच्या करारानंतर. त्या करारावर सही करायला काही कंपन्या नाही म्हणतात. अर्ज दाखल असेल तर त्यावरून भेट मोडू नका, फक्त आराखडे घरी ठेवा. आणि पेटंट मंजूर होण्याआधी यंत्रावर ‘पेटंटेड’ लिहू नका, त्याला दंड आहे. ‘अर्ज प्रलंबित’ लिहा. कंपनी विचारेलच की पेटंट मिळणार कधी. परीक्षणाची, म्हणजे पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा अशी, विनंती आता पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. पण स्टार्टअप, लघुउद्योग किंवा महिला अर्जदार असेल तर जलद परीक्षण मागता येतं. पहिला परीक्षण अहवाल हातात असेल तर बोलणी वेगळ्याच पातळीवर होतात.

करारात एकाधिकार मागितला जाणार, म्हणजे दुसऱ्या कुणालाच परवाना द्यायचा नाही. द्या, पण किमान रॉयल्टी लावून. वर्षाला अमुक यंत्रं विकली नाहीत तरी तेवढी रक्कम द्यायची, नाहीतर एकाधिकार संपला. ही अट नसेल तर तुमचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठीही कुणी परवाना घेऊ शकतं, जुन्या मालाला स्पर्धा नको म्हणून. रॉयल्टी कोणत्या रकमेवर, हे शब्दांत लिहा: जीएसटी वगळून बिलाची किंमत, सवलती वजा करण्याआधीची की नंतरची. डाय, जिग-फिक्श्चर आणि ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे भाग घडवायचे साचे आणि पकडायची साधनं कुणाची, ते लिहा. करार संपल्यावर तेच अडवून ठेवले जातात. वर्षातून एकदा वह्या तपासायचा हक्क, सुधारणा कुणाच्या नावावर, प्रदेश कोणता, सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे वकिलाकडून घालून घ्या. वकिलाला कलम १४० ची आठवण द्या: पेटंट नसलेला माल तुमच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती, किंवा पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नये अशी अट टिकत नाही. भारतातलं पेटंट चीनमधल्या उत्पादनाला थांबवत नाही, पण तो माल इथे आयात करण्याला थांबवतं. कंपनीला हे सांगा, तिला आवडतं.

सही झाल्यावर परवान्याची नोंद पेटंट कार्यालयात करा. नोंद नसलेला दस्त न्यायालयात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि कंपनी टीडीएस कापते, म्हणून सीएला आधीच भेटा. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी असते. ती तुम्ही भरायची की कंपनीने, हे करारात लिहिलं तरी तारखा स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. फी चुकली तर पेटंट संपतं, आणि पेटंट संपल्यावर कंपनी तीन महिन्यांची नोटीस देऊन करारातून बाहेर पडू शकते.