नऊला घरी पोचणाऱ्याने रात्रीचं लवकर कसं जेवावं

‘सातच्या आत जेवा’ म्हणणारे बहुधा संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये लटकलेले नसतात. मी सव्वानऊला घरी, दहाला पानावर, अकराला आडवा. मग मध्यरात्री घशाशी आंबट. आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढायला सोपं जातं. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, आपण गिळतही कमी, म्हणून वर आलेलं तिथेच जळत राहतं.

१. झोपायच्या वेळेपासून उलटे तीन तास मोजा. भरपेट जेवण त्याआधी.

२. जेवण दोन भागांत तोडा. गाडं इथेच अडतं. मी आधी घरी येऊन फक्त दूध पिऊन झोपायचा शहाणपणा केला. चौथ्या रात्री साडेअकराला ओट्याशी उभा राहून गार पोळी आणि लोणचं खाल्लं, ती रात्र बसूनच काढली. उपाशी राहू नका, पोट सूड घेतं.

वाट दाखवली शेजारच्या टेबलावरच्या जैन सहकाऱ्याने. त्याचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. हिवाळ्यात पावणेसहाला त्याचा डबा उघडायचा. मी दुसरा डबा न्यायला लागलो: तीन पोळ्या, कोरडी भाजी, साडेसहाला ऑफिसातच. समोसा-चहाच्या जागी हा डबा, समोसा अधिक डबा नव्हे! पहिल्या महिन्यात मी दोन्ही खाल्लं आणि वर वजनकाट्याला नावं ठेवली.

घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं, पण वाटीभर मुगाची खिचडी घेऊन. तूप दुपारी खा, स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. ‘एवढंच?’ असं आई विचारणारच. तिला डबा रिकामा झालेला दाखवा, बोलून उपयोग नाही.

कुणीतरी म्हणतंच, ‘स्पेनमध्ये दहाला जेवतात, त्यांना कुठे काय होतं?’ अहो, त्यांचं मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला होतं आणि रात्रीचं बहुतेक हलकं. शिवाय 1940 साली तिथली घड्याळं एक तास पुढे गेली ती तशीच राहिली. जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. आपण दहाला मटण-भाकरी चेपून त्यांचा दाखला द्यायचा नसतो.

३. डाव्या कुशीवर झोपा. उशांची चळत नको, तिने पोटच दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डबा भरण्याआधी डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा बदलून घ्या. आणि लग्नाची पंगत दहाला बसली तर जेवा निमूटपणे, फक्त घरी येऊन लगेच आडवे होऊ नका. मी अशा रात्री कपड्यांना इस्त्री करत बसतो.