आबा हयात असतानाच वाटणी करायची असेल तर

आबांनी शेती सोडली की घरात पहिला प्रश्न निघतो तो सातबाऱ्याचा. आमचं मत स्पष्ट आहे: वाटणी आबांच्या डोळ्यांदेखत व्हावी, पण सगळी जमीन पोरांच्या नावावर करून आबा-आईंना मोकळ्या हातानं बसवू नये. घराजवळचा, पाण्याखालचा निदान 10 गुंठ्यांचा तुकडा दोघांच्या नावावर राहू द्या. त्याला कारण आहे. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये नावावर जमीन असेल तरच मिळतात. 1 फेब्रुवारी 2019 नंतर वाटणीनं जमीन मिळालेल्या पोराला ते मिळत नाहीत. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं आली तरच सूट. म्हणजे आबांचं नाव पुरतं कमी केलंत तर घरातला तो पैसा बंद.

काढायचे कागद: सगळ्या गटांचे सातबारे, 8अ (खातेउतारा), जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी). फेरफारावरून जमीन वडिलोपार्जित की आबांनी स्वतः घेतलेली ते कळतं. वडिलोपार्जित असेल तर लेकींचा हक्क मुलांएवढाच आहे, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून. बहिणींना वगळून केलेली वाटणी हमखास कोर्टात जाते. वाटा सोडायचा असेल तर तिनं स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. तोंडी ‘मला काही नको’ला अर्थ नाही.

मग सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना बघा. सेवा सोसायटीचा पीककर्जाचा बोजा असतोच. तो कुणी फेडायचा, किती, हे आधी ठरवा आणि सोसायटीत जाऊन बोला. बोज्यावरून फेरफार अडतात.

खरा वाद गुंठ्यांवरून होत नाही, कसावरून होतो. नदीकाठची काळी जमीन ऊस चांगला देते, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या 2019 आणि 2021 च्या पुरात तिथला ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता. माळाची जमीन पुरात जात नाही, पण उतारा कमी. म्हणून एकाला सगळा काठ आणि दुसऱ्याला सगळा माळ देऊ नका. दोन्हीकडे वाटे पाडा, नाहीतर माळाला गुंठे वाढवून द्या. मात्र बागायत 10 आणि जिरायत 20 गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. 30 गुंठे बागायतीचे चार वाटे होणार नाहीत. तिथं सामाईक ठेवा किंवा एकानं घेऊन बाकीच्यांना पैसे द्यावेत.

वाटणीपत्रात हे लिहायचं राहतं आणि पुढं डोकी फुटतात: विहिरीत कुणाचा किती हिस्सा, मोटारीचं वीजबिल कोण भरणार, पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीत कुणाचे दिवस कुठले, मागच्या वाटेकऱ्याला ट्रॅक्टर-बैलगाडी न्यायला किती फुटांची वाट. उभ्या खोडव्याचं (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) बिल कुणाच्या खात्यावर, हेही लिहा. कारखान्याचे शेअर्स आबांच्या नावावर असतील तर सवलतीची साखर त्यावरच मिळते. वारसाचं नाव तिथं वेगळं लावावं लागतं, सातबारा बदलला म्हणून ते बदलत नाही.

वेळ निवडताना कारखान्याचं ऊस गाळप संपल्यावरचे महिने धरा. एप्रिल-मेमध्ये बरीचशी रानं रिकामी असतात, मोजणी नीट होते, आणि जुलैच्या आडसाली ऊसलावणीआधी ज्याला त्याला आपलं रान कळतं.

कागद दोन वाटांनी होतो. सगळे सहमत असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज. तिथं सगळ्या सहहिस्सेदारांचे जबाब होतात. किंवा दुय्यम निबंधकांकडे वाटणीपत्र नोंदवा. शेतजमिनीला मुद्रांक नाममात्र असतो. नंतर गावकामगार तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंद, 15 दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजुरी देतात. शेवटी भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी. ही टाळली की बांध सरकत राहतो.

आबा स्वकष्टार्जित जमीन बक्षीसपत्रानं एखाद्या मुलाला देत असतील तर ‘आमचं जेवणखाण, औषधपाणी सांभाळण्याच्या अटीवर’ हे वाक्य दस्तातच घालून घ्या. मुलानं अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर ते फार अवघड जातं.

आणि तो 10 गुंठ्यांचा तुकडा आबांनी स्वतः कसावा असा आग्रह नको. कडेनं मक्याची वैरण, मधे मेथी-वांगी, एक म्हैस, एवढं पुष्कळ. उरलं तर एका मुलानं खंडानं कसावं आणि दूध संस्थेचं बिल आईच्या खात्यावर जावं.