पंचांग बघून दुर्बीण काढा

बारावीचा निकाल लागला की अमळनेर, चोपडा, शहादा अशा गावांतून फोन सुरू होतात. "सर, मला अ‍ॅस्ट्रॉनॉमीत जायचंय." थोडं खोदून विचारलं तर निम्म्या पोरांना संशोधन नकोच असतं. त्यांना लोकांना आकाश दाखवायचं असतं, शाळांमधून कार्यक्रम करायचे असतात, त्यावर लिहायचं असतं. या कामाला 'खगोल प्रसार' म्हणतात, इंग्रजीत सगळे 'आउटरीच' म्हणतात, आणि ते करता करता पोट भरेल का हा प्रश्न पोरांच्या आधी त्यांच्या वडिलांना पडतो. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केली, पुण्यात काही वर्षं प्रकल्पांवर काढली आणि आता जळगाव जिल्ह्यातच ज्युनियर कॉलेजात शिकवतो. शनिवार-रविवार दुर्बीण घेऊन हिंडतो. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

आधी जगाचं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, म्हणजे आयएयू, १९१९ सालचा. बराच काळ तो मुख्यतः शास्त्रज्ञांचा संघ होता. लोकांपर्यंत जायचं काम जागतिक पातळीवर खऱ्या अर्थाने फोफावलं ते २००९ मध्ये. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याला चारशे वर्षं झाली म्हणून ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष ठरलं. संयुक्त राष्ट्रांनी घोषणा केली, युनेस्को आणि आयएयूने धुरा घेतली, १४८ देश उतरले. त्या वर्षासाठी 'गॅलिलिओस्कोप' नावाची स्वतः जोडायची दुर्बीण निघाली. ५० मिलिमीटरचं भिंग, २५ पट मोठं दिसणार, किंमत पंधरा डॉलरच्या आसपास. त्या वर्षीच्या २२ जुलैचं खग्रास सूर्यग्रहण सुरतवरून इंदूर-भोपाळकडे गेलं आणि नंदुरबारचा भाग त्या पट्ट्यात आला. पण जुलैमध्ये आपल्याकडे आभाळ कसं असतं ते सांगायला नको.

वर्ष संपलं तरी यंत्रणा राहिली, आणि नवख्याला उपयोग तिचाच. आयएयूचं विकासासाठीचं कार्यालय २०११ मध्ये केपटाउनला सुरू झालं, लोकप्रसाराचं २०१२ मध्ये तोक्योजवळ मिताकाला, आणि पुढे शिक्षणाचं जर्मनीत हायडलबर्गला. शिक्षण कार्यालयाचं एक केंद्र भारतात आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत. देशोदेशी समन्वयक नेमलेले असतात आणि ते बहुतेक स्वयंसेवक असतात. या कशातही भाग घ्यायला पीएचडी लागत नाही. कार्यक्रम नोंदवायचा, साहित्य उतरवून घ्यायचं, करायचा.

इथपर्यंत कोणीही सांगेल. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे: हे जागतिक उपक्रम घ्या, पण तारखा दारावरच्या कॅलेंडरातल्या तिथ्यांशी लावून बघा. दोन्ही इतके जुळतात की सुरुवातीला मला ते योगायोगच वाटले.

उदाहरण बघा. २००९ मध्ये 'खगोलाचे १०० तास' हा सर्वांत मोठा उपक्रम झाला, २ ते ५ एप्रिल. त्या वर्षी रामनवमी होती ३ एप्रिलला. आयोजकांनी रामनवमी पाहिली नव्हती, चंद्र पाहिला होता. शुक्ल अष्टमी-नवमीला चंद्र अर्धा किंवा अर्ध्याहून थोडा जास्त असतो, सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो. म्हणजे लोकांच्या जेवणाच्या वेळेला अगदी सोयीचा. शिवाय उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, त्यामुळे खड्डे खरेखुरे खोल दिसतात. नासाची 'आंतरराष्ट्रीय चंद्रनिरीक्षण रात्र' २०१० पासून दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात अशाच चंद्राच्या आसपास ठेवतात. २०२३ मध्ये ती २१ ऑक्टोबरला आली, ऐन नवरात्रात. २०२४ मध्ये १४ सप्टेंबरला, गणपतीत. मंडप तयार, माणसं तयार, माइकही तयार. फक्त मंडळाच्या अध्यक्षांना आठ दिवस आधी भेटायचं आणि हॅलोजन तासभर बंद ठेवायचं कबूल करून घ्यायचं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. (गणेश चतुर्थीला मात्र दुर्बीण चंद्राकडे लावू नका. त्या दिवशी चंद्र बघायचा नाही म्हणून आयाबाया पोरांना ओढून नेतात, आणि तुमची सगळी संध्याकाळ त्या वादात जाते.)

आता आपल्या जत्रा. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. घोडे बघायला लांबून माणसं येतात, गर्दी मरणाची. नवखा म्हणतो, पौर्णिमा आहे, चंद्र दाखवू. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सगळ्यांत निराश करतो. ऊन समोरून पडतं, सावली नाही, सपाट पांढरी थाळी, आणि डोळे दिपतात ते वेगळं. तिथे ग्रह दाखवावेत. मी गेलो त्या वर्षी संध्याकाळी शनी होता, तो लावला. एका आबांनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला, मग नळीच्या तोंडासमोर हात धरून बघितला. कडं दिसेनासं झालं. हात काढला, परत दिसलं. "हाई चित्र चिटकाडेल नही," असं त्यांनीच मागच्या रांगेला सांगितलं. मी तासभर बोललो असतो तरी तेवढा विश्वास बसला नसता.

तोरणमाळची महाशिवरात्रीची यात्रा याच्या अगदी उलट. माघ वद्य चतुर्दशी, चंद्र नसल्यातच जमा, सातपुड्याची उंची, आणि अंधार पडताच मृग डोक्यावर. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ साध्या दुर्बिणीतूनही धुरकट फुलासारखा कळतो. 'ग्लोब अ‍ॅट नाइट' हा २००६ पासूनचा जागतिक उपक्रम इथे करायला हवा. ठरलेल्या तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी किती मंद तारे दिसतात ते दिलेल्या नकाशांशी ताडून कळवायचं. खर्च शून्य, पोरं स्वतः करतात. तेच निरीक्षण जळगावच्या एखाद्या कॉलनीतून करून दोन्ही आकडे शेजारी ठेवले की प्रकाशप्रदूषण म्हणजे काय यावर वेगळं भाषण लागत नाही. फक्त यात्रेतल्या जनरेटरपासून लांब जा. आणि वरच्या पाड्यांवर अहिराणी चालेल असं गृहीत धरू नका. तिथे भिली किंवा पावरी बोलणारा स्थानिक शिक्षक बरोबर हवाच. त्याला आधी बोलू द्या. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांची बाज, म्हणजे खाट, आणि तिच्यामागचे तीन चोर ही गोष्ट गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. ती ऐकून मग तुमची सुरू करा.

आखाजीचं तर विचारूच नका. वैशाख शुक्ल तृतीया, पश्चिमेला चंद्राची बारीक कोर आणि उरलेला काळा भाग अंधुक राखाडी दिसतोय. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर असतात, दुर्बीणही लागत नाही, बोट दाखवलं की झालं.

प्रश्नांची तयारी कुठल्याही पुस्तिकेतून होत नाही. एक प्रश्न शेतकरी हमखास विचारतात: "मृग लागतो जूनमध्ये, अन् तुम्ही आता थंडीत मृग दाखवताय. हे कसं?" फार उत्तम प्रश्न आहे, त्याला हसणारा माणूस या कामाला नालायक. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणून 'मृग लागला'. सूर्य त्याच्याच जवळ म्हटल्यावर ते तारे दिवसा आकाशात असतात, दिसणार कसे? सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते आणि तेच नक्षत्र रात्रभर दिसतं. जमिनीवर एक दिवा, भोवती एक पोरगं फिरवायचं आणि भिंतीवर मृग काढायचा. दोन मिनिटांत समजतं. पोरांचा प्रश्न ठरलेला, "चांद कितला दूर शे?" ३,८४,००० किलोमीटर सांगून कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. ताशी पन्नासने एसटी न थांबता धावली तर साडेदहा महिने, हे शिरतं.

शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे करायलाच हवा, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. जळगाव-धुळ्याला साधारण २५ मे, नंदुरबारला एखाद-दोन दिवस पुढे. दुसरी वेळ जुलैच्या मध्यावर, तेव्हा ढग. मेमध्ये शाळा बंद आणि पारा ४४-४५ वर, हे खरं. तरी चावडीच्या सावलीत बसायचं आणि साडेबाराला दहा मिनिटं कमी असताना बाहेर यायचं. जळगावला तो क्षण १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास येतो. उभी पाइप, उलटा पेला, काहीही ठेवा, सावली पायाखाली जाते. खरी मजा दुसऱ्या गावाला जोडीला घेण्यात आहे. सोलापूर जळगावच्या जवळपास सरळ दक्षिणेला, सुमारे ३७० किलोमीटर. त्याच दुपारी तिथे एक मीटर काठीची सावली सहा सेंटिमीटरच्या आत भरते आणि पडते दक्षिणेकडे, जी सोलापूरकरांनी वर्षभरात क्वचितच पाहिलेली असते. त्यावरून कोन निघतो सव्वातीन अंशांहून थोडा जास्त. ३७० गुणिले ३६० भागिले तो कोन, की पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने केलं तेच, फक्त उंटांऐवजी व्हॉट्सअ‍ॅप.

दुर्बीण कुठली घेऊ, हे सगळे विचारतात. सहा इंची डॉब्सोनियन घ्या, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, मोटार नको. ५० पटीला शनी दृष्टिक्षेत्रातून साधारण चार मिनिटांत सरकून जातो. दर तीन-चार माणसांनी नळीला हलका धक्का द्यावा लागतो, आणि 'बघा, पृथ्वी फिरतेय' हे सांगायची ती आयती संधी. रांगेत हात पाठीमागे बांधायला सांगा, नाहीतर प्रत्येकजण आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, पकडतो. एक पायरीचं स्टूल हवंच. सूर्य दाखवायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला लावायचा. आयपीसला लावायचे छोटे काळे फिल्टर मिळतात, ते उष्णतेने तडकतात. ते फेकून द्या, कोणाला देऊही नका.

आपल्या भागाचा अभिमान जागवायचा असेल तर चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, काळ तेराव्या शतकाची सुरुवात, राजा यादवांचा सिंघण. भास्कराचार्य इथलेच म्हणून छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या गावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मठाची नोंद मात्र दगडावर आहे, तेवढीच सांगितली तरी पोरांचे डोळे मोठे होतात.

आता पोटाचं. बीएस्सीला फिजिक्स घ्या, आपल्या विद्यापीठात होतं, त्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही. पळायचं ते एमएस्सीच्या वेळी किंवा उन्हाळी प्रशिक्षणाला: आयुका आणि एनसीआरए (पुण्याचंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) दोन्हीकडे विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीला एकदा जाऊन या, ४५ मीटरच्या तीस तबकड्या. तिथे समजावून सांगणारी पोरं तुमच्याच वयाची असतात, त्यांच्याशी बोला. विज्ञानशिक्षणात पीएचडी करायची तर मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पक्क्या नोकऱ्या तारांगणांत आणि विज्ञान केंद्रांत, आणि त्या मोजक्या. बाकी बरंचसं काम प्रकल्पावरचं. वर्षाचं कंत्राट, पुढे वाढलं तर वाढलं. घरी हे आधीच सांगून ठेवा. हाताशी शिक्षकी, भाषांतर किंवा व्हिडिओचं कसब असलं तर दोन प्रकल्पांमधला काळ निघतो. मराठीत नीट लिहिणारा विज्ञानाचा माणूस सगळ्यांना हवा असतो आणि सहजी सापडत नाही, हा माझा अनुभव.

पैसे मिळवायचे तर आयएयूचं केपटाउनचं कार्यालय दर वर्षी जगभरातून प्रस्ताव मागवतं. 'मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे' असली वाक्यं तिथे चालत नाहीत. कोणत्या पाड्यावर, किती मुलं, आधी काय येत होतं आणि नंतर काय येईल, ते कसं मोजणार, एवढं विचारतात. मला ते आवडतं. इकडच्या एका प्रायोजकाला अहवालात फक्त बॅनरसह फोटो आणि उपस्थितांचा आकडा हवा होता. पाचशे लिहा म्हणाले. एका दुर्बिणीवर एका संध्याकाळी पाचशे माणसं म्हणजे प्रत्येकाला पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात चष्मा काढून डोळासुद्धा लागत नाही. साठ-सत्तर माणसं ठेवा, आणि जो परत रांगेत येऊन उभा राहतो त्याचं नाव आणि नंबर वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी स्टूल धरायला, रांग सांभाळायला माणूस तिथूनच मिळतो.

पहिला कार्यक्रम दिवाळी ते होळीच्या दरम्यान, शुक्ल षष्ठी ते नवमी यांपैकी कुठल्याही संध्याकाळी लावा. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, गावच्या वायरमनला रस्त्यावरच्या दिव्यांचं विचारून ठेवा.