वस्तीतला रस्ता शांत करायचाय? या चुका टाळा

गाड्या सुसाट जातात म्हणून रहिवासी आधी वेगमर्यादेची पाटी मागतात. पण रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल, तर पाटीवर काहीही लिहा, चालकाचा पाय हलका होत नाही. ताशी 30 किमी वेगातली गाडी साधारण 13 मीटरमध्ये थांबते, 50 ला सुमारे 27 मीटर लागतात. चेंडूमागे धावणारं मूल 14 मीटरवर दिसलं, तर 50 च्या वेगात ते अंतर पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच संपतं.

एकच गतिरोधक, तोही उंचवट्यासारखा

सर्वात जास्त चुका इथेच होतात. तीस-चाळीस सेंटिमीटर रुंदीची डांबरी पट्टी किंवा रबरी तुकडा टाकला की हळू जाणाऱ्याला दणका बसतो आणि वेगात जाणाऱ्या मोटारीला तुलनेने कमी जाणवतो, कारण तिचं सस्पेंशन धक्का गिळतं. दुचाकीस्वार मात्र घसरतो. ताशी 25 किमीच्या आसपास वेग हवा असेल तर गतिरोधक प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर लांब, मध्ये 10 सेंमी उंच आणि गोलसर हवा. दोन गतिरोधकांत 60 ते 90 मीटर अंतर ठेवा. त्याहून लांब ठेवले तर मधल्या टप्प्यात चालक गेलेला वेळ भरून काढतो, आवाजही वाढतो. पहिला गतिरोधक वळणाजवळ, गाडी मुळातच हळू असते तिथे घ्या.

पाणी तुंबत असेल तर गतिरोधक कडेपासून कडेपर्यंत बांधलाय का, ते पाहा. तो बांधच होतो. दोन्ही बाजूंना 20-30 सेंमी वाट सोडा. त्या फटीतून दुचाक्या निसटू लागल्या तर वर जाळी टाकून तेवढा भागही चढावात घ्या. पदपथाच्या पातळीवर उचललेलं क्रॉसिंग असेल, तर गटाराचं तोंड चढाच्या बाजूला, उंचवट्याच्या अलीकडे हवं.

रुग्णवाहिका आणि बससाठी मध्ये फट ठेवून चौकोनी उशा, म्हणजे उशीसारखे छोटे गतिरोधक, बसवतात. दुचाक्या भरपूर असलेल्या रस्त्यावर आम्ही त्या सुचवणार नाही, त्या फटीतून सरळ जातात.

नागमोडी रस्ता, पण फक्त कागदावर

एका टोकाला उभे राहा. गाडीच्या रुंदीची सरळ वाट शेवटपर्यंत दिसली, तर वळणं निकामी आहेत. कुंड्या आणि पार्किंग आलटूनपालटून दोन्ही बाजूंना न्या. मोकळी वाट 3.5 मीटरपेक्षा कमी करू नका. काँक्रीट ओतण्याआधी खडूने आखा, वाहतुकीचे शंकू (ट्रॅफिक कोन) ठेवा आणि कचऱ्याची गाडी व अग्निशमन बंब प्रत्यक्ष फिरवून बघा. कोपऱ्याची त्रिज्या 8-10 मीटर असेल तर गाड्या वेग न उतरवता वळतात. ती 3-4 मीटरवर आणा. कोपऱ्यापासून 5 मीटर पार्किंग नको, आणि ते रंगाने नव्हे, सायकल स्टँडने अडवा. कुंडीतली झाडं 60 सेंमीच्या वर वाढू देऊ नका, लहान मूल त्यामागे दिसत नाही.

वेग उतरला, वर्दळ तशीच

नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दिवसाला सुमारे 2000, 8000 आणि 16000 वाहनांचे तीन रस्ते तपासले. कमी वर्दळीच्या रस्त्यावर रहिवाशांना त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, सर्वात जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. म्हणजे शेजार हवा असेल तर आरपार जाणाऱ्या गाड्याही घटल्या पाहिजेत. एका टोकाला 1.2 ते 1.5 मीटर अंतरावर खांब रोवले की सायकल आणि व्हीलचेअर जाते, मोटार अडते. मधला खांब कुलपाने काढता यावा, किल्ली अग्निशमन दलाकडे असावी.

मोजणी न करता काम सुरू करणं ही यातली पुढची चूक. आधी आणि नंतर, त्याच वारी, त्याच वेळी किमान 100 वाहनांचे वेग नोंदवा. 100 पैकी 85 वाहनं ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा धरा, सरासरी फसवते. शेजारच्या गल्लीतही मोजा, नाहीतर तुमची वर्दळ तिकडे ढकललेली कळणारच नाही.

सगळं एकाच पातळीवर

नेदरलँड्समध्ये चालणारे आणि गाड्या एकाच जागेत असलेल्या रस्त्यांना 1976 मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली, पण तिथे गाड्या चालण्याच्या वेगाने जातात आणि आखलेल्या जागीच उभ्या राहतात. यातलं काहीच न आणता नुसत्या फरशा टाकल्या तर पार्किंगचं मैदान होतं. अंध व्यक्तीला काठीने कड कळावी म्हणून चालण्याच्या पट्ट्याला किमान 6 सेंमी उंचीची कड किंवा उठावाच्या फरशा हव्यात. बाक भिंतीकडे तोंड करून नव्हे, दारांसमोर आणि सावलीत ठेवा.